लूट, प्राईझ आणि वाण

१७८८ साली लंडनमध्ये एक खटला उभा राहिला. आरोपी होता वॉरन हेस्टिंग्ज, बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल. लाच घेतली, बनारसच्या राजाकडून आणि अवधच्या बेगमांकडून जबरदस्तीने पैसा उकळला, असे आरोप होते. खटला ऐकायला लंडनचे प्रतिष्ठित लोक गर्दी करायचे, पण त्यांची अडचण वेगळीच होती. जहागीर, दिवाण, रयत असे शब्द कानावर पडायचे आणि डोक्यावरून जायचे. ही गरज ओळखून जॉन स्टॉकडेल नावाच्या प्रकाशकाने त्याच वर्षी एक छोटा शब्दसंग्रह बाजारात आणला, 'द इंडियन व्होकॅब्युलरी'. महाभियोग कसा चालतो याची माहितीही त्याला जोडलेली होती.

त्या पुस्तकात एक शब्द होता: लूट. ऑक्सफर्ड कोशात या शब्दाचा सर्वांत जुना इंग्रजी दाखला म्हणून याच पुस्तकाची नोंद आहे.

म्हणजे आज इंग्रजी बातम्यांत रोज दिसणारा हा शब्द त्या भाषेच्या दप्तरात पहिल्यांदा लिहिला गेला, तो एका इंग्रज माणसाने हिंदुस्थानात काय केलं याची चौकशी चालू असताना. सात वर्षांनी, १७९५ मध्ये, हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. शब्द मात्र तिथेच राहिला.

'लूट' इंग्रजीत गेला हे आता पुष्कळांना माहीत आहे. त्यावर रील्ससुद्धा येतात: इंग्रजांनी आपल्याकडून लूटही लुटून नेली, वगैरे. हसून पुढे सरकायला ते ठीक आहे. पण त्यापलीकडचा एक प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हा शब्द कोण कोणासाठी वापरतं? आणि तेच काम स्वतः केलं की त्याला कोणतं नाव देतं?

शिपायांच्या तोंडून

आधी शब्दाचं कूळ पाहू. संस्कृतात 'लुण्ट्', 'लुण्ठ्' हे धातू आहेत, अर्थ हिसकावणं, चोरणं. 'लोप्त्र' म्हणजे चोरीचा माल. यांतूनच प्राकृतामार्गे हिंदीत, मराठीत, गुजरातीत, बंगालीत 'लूट' आली. मराठीत त्याचा मोठा गोतावळा झाला: लुटणे, लुटवणे, लुटारू, लुटालूट.

इंग्रजीकडे या कामासाठी शब्द नव्हते असं नाही. 'प्लंडर' होता, पण तोही बाहेरूनच आलेला. सतराव्या शतकात युरोपात तीस वर्षांचं युद्ध चाललं होतं, तेव्हा तो जर्मनमधून इंग्रजीत शिरला. सैनिक जिथे जातात तिथून असे शब्द घेऊन येतात.

'लूट'चंही तेच झालं. कंपनीच्या पलटणींत इंग्रज गोरे आणि हिंदी शिपाई एकाच छावणीत असायचे. गाव पडलं, किल्ला पडला की पुढे काय होतं हे दोघांनाही माहीत असायचं आणि त्यासाठी आखूड, पटकन तोंडात बसणारा शब्द हाताशी होता. युल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश १८८६ मध्ये निघाला. त्यात या शब्दाचा प्रवास दिला आहे: १८४१च्या सुमाराचं चीनचं युद्ध, १८५४-५५चं क्रिमियाचं युद्ध, मग १८५७चा उठाव. प्रत्येक युद्धानंतर शिपाई घरी परतले आणि शब्द थोडा थोडा इंग्लंडात मुरला. पुढे तो क्रियापद म्हणूनही चालू लागला. इंग्रजीत ही सोय आहे. नामाला 'करणे' जोडावं लागत नाही, तेच नाम क्रियापद म्हणून उभं राहतं.

तो किती मुरला याचा एक पुरावा आहे. १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि जाळला. तिथे सापडलेला एक छोटासा पेकिनीज कुत्रा कॅप्टन डन या अधिकाऱ्याने इंग्लंडला नेला आणि व्हिक्टोरिया राणीला भेट दिला. त्या कुत्र्याचं नाव ठेवलं होतं 'लूटी'. राणीच्या घरात कुत्र्याला हाक मारताना हा शब्द वापरला जात होता आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

सरकारी शब्द

शिपायाच्या तोंडी 'लूट' होती. साहेबांच्या कागदावर मात्र दुसरा शब्द होता, 'प्राईझ'.

आज प्राईझ म्हटलं की आपल्याला बक्षीस आठवतं. पण युद्धातला 'प्राईझ' वेगळ्या वाटेने आला आहे. तो जुन्या फ्रेंचमधल्या 'प्रीझ'वरून आला, आणि त्याचा अर्थ 'घेतलेलं', 'पकडलेलं'. इंग्रजीत या दोन्ही शब्दांचं स्पेलिंग एकच झालं आणि घेतलेली वस्तू ऐकणाऱ्याच्या कानाला मिळवलेल्या बक्षिसासारखी वाटू लागली.

प्राईझची पद्धत अगदी शिस्तीची होती. जिंकलेला माल राजाचा. राजा तो फौजेला बहाल करणार. मग प्राईझ एजंट नेमायचे, माल मोजायचा, लिलाव करायचा आणि हुद्द्याप्रमाणे वाटे पाडायचे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा सेनापती जनरल हॅरिसच्या वाट्याला सुमारे १ लाख ४३ हजार पौंड आले. साध्या शिपायाच्या हातात दहा पौंडही पडले नाहीत. शिपायाने परस्पर खिशात घातलेलं सोनं म्हणजे लूट आणि त्यासाठी शिक्षा. एजंटाच्या वहीत चढलेलं सोनं म्हणजे प्राईझ आणि त्यासाठी पावती. ज्याच्या घरातून ते सोनं गेलं त्याला दोन्हींत काय फरक पडला असेल?

हाच हिशेब पुढे मराठी मुलखात झाला. १८१७-१८च्या युद्धात पेशवाई संपली. जे हाती लागलं त्याला 'डेक्कन प्राईझ' म्हणतात. त्यावरून इंग्रजांचं आपसातच भांडण लागलं. हिस्लॉपच्या दख्खनी फौजेने मिळवलेल्या मालात उत्तरेकडच्या मोठ्या फौजेलाही वाटा हवा, असा गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या बाजूचा दावा होता. (हा हेस्टिंग्ज निराळा, खटलावाला नव्हे.) वाटणीसाठी विश्वस्त नेमले गेले, त्यांत वेलिंग्टनचा ड्यूकही होता. प्रकरण कित्येक वर्षं चाललं. याच 'डेक्कन बूटी'त एक मोठा हिरा होता. तो त्र्यंबकेश्वराच्या देवळातला असं सांगितलं जातं. लंडनच्या बाजारात तो 'नासक डायमंड', म्हणजे नाशिकचा हिरा, म्हणून ओळखला गेला आणि १८३७च्या लिलावात वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो ७,२०० पौंडांना घेतला.

याच काळातला एक खटला मला त्या हिऱ्याहून जास्त बोलका वाटतो. रायगडावर पेशव्यांचा नारो गोविंद औटी नावाचा अधिकारी होता. मे १८१८ मध्ये रायगड पडला. औटी पुण्यात आला. जुलैमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला धरलं आणि त्याच्या घरातली संपत्ती नेली. हा पेशव्यांचा सरकारी पैसा आहे, असं त्यांचं म्हणणं. हा खाजगी पैसा आहे आणि पुण्यात लढाई संपल्यावर नेला आहे, असं औटीच्या बाजूचं म्हणणं. खटला मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेला. समोर प्रतिवादी होता साक्षात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, आणि मुंबईच्या इंग्रज न्यायाधीशांनी निकाल त्याच्याविरुद्ध दिला. पण १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. कारण थोडक्यात असं: ही युद्धातली जप्ती आहे आणि युद्धातली जप्ती बरोबर की चूक हे ठरवणं दिवाणी कोर्टाचं काम नाही.

पैसा कोणाचा या प्रश्नात प्रिव्ही कौन्सिल शिरलंच नाही. घेणाऱ्याने कोणत्या नावाखाली घेतला एवढं पाहिलं आणि प्रकरण मिटलं. तोच माल रात्री भिंत फोडून कोणी नेला असता तर त्याला फाशीसुद्धा झाली असती.

आपल्या मुलखात

आता हाच प्रश्न जरा स्वतःकडे वळवून पाहू.

आमचा परभणी जिल्हा या गोष्टीत नेहमी कर्म म्हणून येतो, कर्ता म्हणून क्वचित. मुघल काळात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातलं सरकार होतं, पुढे हा मुलूख निजामाकडे गेला. १७१९च्या सनदांनंतर मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क मिळाला होता. चौथ म्हणजे चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहा टक्के. एकाच शेतावर दोन सरकारांची वसुली, म्हणून त्या व्यवस्थेला दुअंमल म्हणत. पुण्याच्या दप्तरात तो हक्क होता. हैदराबादच्या दृष्टीने ती जबरदस्ती होती. काळ्या रानात कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या कुणब्याच्या लेखी काय होती, हे त्याला कोणी विचारलं नाही.

पेशवाई संपल्यावर या भागात हटकर नाईकांनी लढा धरला. १८१९च्या जानेवारीत निजामाच्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेने नोवसाजी नाईकाच्या नाव्ह्याच्या गढीला वेढा घातला आणि महिनाअखेर ती घेतली. इंग्रजी कागदांत असे नाईक बंडखोर आणि लुटारू म्हणून येतात. गढी घेणाऱ्या पलटणींना मात्र 'नोवाह' हे नाव लढाईचा सन्मान म्हणून निशाणावर मिरवायला मिळालं. त्याच वर्षी हिंगोलीला छावणी पडली. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, म्हणजे ही सगळी गोष्ट घरचीच.

पण मराठी माणूस नेहमी कर्मच होता असंही नाही. १७४०च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार गेल्या. आपला 'बारगीर' बंगालीत 'बर्गी' झाला आणि अंगाईगीतात जाऊन बसला, मुलांना भीती घालण्यासाठी. मराठे येतील या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच 'मराठा डिच' पडलं. १७९१ मध्ये टिपूविरुद्धच्या मोहिमेत मराठी फौजेसोबतच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, शंकराचार्यांचा मठ. आपल्या कागदांत मोहिमेला शब्द आहे 'मुलूखगिरी'. ऐकायला किती भारदस्त वाटतो! बर्दवानच्या विणकराला त्याचं भाषांतर करून सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता?

म्हणूनच 'सुरतेची लूट' म्हणायचं की 'सुरतेवरची स्वारी', हा वाद मला शब्दांचा क्षुल्लक वाद वाटत नाही. २०२४च्या सप्टेंबरमध्ये तो राजकीय व्यासपीठांवर पेटला होता. १६६४च्या जानेवारीत आणि १६७०च्या ऑक्टोबरमध्ये शिवाजी महाराजांनी सुरत घेतली. तिच्यामागे कारणं होती. शाहिस्तेखानाने तीन वर्षं पुणे परगणा तुडवला होता, त्याची भरपाई मुघलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करायची होती. आधी बड्या व्यापाऱ्यांना बोलावून खंडणीची मागणी झाली होती. 'स्वारी' म्हणणारा हे कारण सांगतो. 'लूट' म्हणणारा त्या चार-पाच दिवसांत सुरतेच्या पेठेत काय घडलं ते सांगतो. एक शब्द खोटा ठरवला की दुसरा खरा ठरतो असं इथे होत नाही. मात्र जो माणूस श्रीरंगपट्टणच्या 'प्राईझ'वर हसतो, त्याने स्वतःसाठी गुळगुळीत शब्द निवडताना निदान दोनदा विचार करावा.

उमरीची बँक आणि त्यानंतर

याच प्रश्नाची सर्वांत अवघड रूपं मराठवाड्यात १९४८ मध्ये दिसतात.

देश स्वतंत्र झाला होता, पण हैदराबाद संस्थान नव्हतं. रझाकार गावं लुटत होते, जाळत होते. माणसं जीव घेऊन वऱ्हाडाच्या हद्दीत जात होती. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची केंद्रं उभी राहिली. त्यांना हत्यारं हवी होती, पैसा हवा होता. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, कार्यकर्त्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरी इथल्या बँकेतून वीस लाखांहून जास्त रक्कम चळवळीसाठी उचलली.

निजाम सरकारच्या दृष्टीने हा दरोडा होता. आपल्याकडे ही घटना अभिमानाने सांगितली जाते, आणि गंमत बघा, 'उमरी बँक लूट' याच नावाने सांगितली जाते. इथे कोणी सौम्य शब्द शोधला नाही. आम्ही लुटली, जुलमी राजाची बँक होती म्हणून लुटली, आणि कशासाठी लुटली तेही सांगतो. या सरळपणामुळे मला ते नाव आवडतं. कर्ता स्वतःचं नाव लपवत नाही.

पण त्याच वर्षाचा पुढचा भाग असा सरळ सांगितला जात नाही. १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर संस्थान मोकळं झालं, आणि मग कित्येक गावांत मुसलमानांच्या घरांवर हल्ले झाले. कत्तली, बलात्कार आणि लूट. पंडित सुंदरलाल यांच्या पथकाने भारत सरकारच्या सांगण्यावरून त्या हिवाळ्यात संस्थानात फिरून अहवाल दिला. सर्वांत जास्त झळ पोचलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं त्यात आहेत. साऱ्या संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही.

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो. रझाकारांनी काय लुटलं ते शाळेपासून ऐकतो, आणि ते खरंच आहे. नंतर कोणी काय लुटलं, याला मात्र आपल्या गावगप्पांत वेगळं व्याकरण आहे: 'तेव्हा गडबड झाली होती.' गडबड 'झाली', कोणी 'केली' नाही.

मराठी व्याकरण इथे एक चांगली अडवणूक करतं. 'लुटणे' सकर्मक आहे. भूतकाळात वापरायचं तर 'ने' लागतो: अमक्याने गाव लुटलं. कर्ता उघडा पडतो. त्याला लपवायचं असेल तर आपल्याला मुद्दाम आडवळण घ्यावं लागतं: लूट झाली, माल गेला, गडबड झाली. 'प्राईझ'ने इंग्रजांसाठी जे काम केलं, ते आपल्याकडे 'झाली' हा एक शब्द करतो.

जो अर्थ इंग्रजीत गेला नाही

इंग्रजीने हा शब्द नेला, पण अर्धाच नेला.

संक्रांत झाली की परभणीतही घरोघर हळदीकुंकू सुरू होतं. बायका एकमेकींना हमखास विचारतात, "यंदा काय लुटलंस?" उत्तर येतं, "स्टीलच्या वाट्या लुटल्या." म्हणजे वाट्या हिसकावल्या नाहीत, वाटल्या. वाण 'लुटणं' म्हणजे देणं. लहान बाळाच्या बोरन्हाणात डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओततात आणि जमलेली पोरं ते लुटतात. दसऱ्याला गावं शिलंगणाला वेशीबाहेर जातात, आपट्याची पानं आणतात आणि सोनं लुटतात, म्हणजे थोरामोठ्यांच्या हातावर ठेवून पाया पडतात. त्यामागची कथाही देण्याचीच आहे. रघुराजाने कौत्साला गुरुदक्षिणेसाठी सोनं दिलं, कौत्साने हवं तेवढंच घेतलं आणि उरलेलं लोकांना लुटू दिलं. कीर्तनातही नामाची लूट असते, आणि ती करायला कोणाचं घर फोडावं लागत नाही.

एकाच क्रियापदाला घेणं आणि देणं असे दोन्ही अर्थ कसे चिकटले? दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: मोजमाप सुटलेलं असतं. दरोडेखोर मोजत नाही आणि वाण देणारीही हात आखडत नाही. फरक इतकाच की एकीकडे दार फोडलेलं असतं, दुसरीकडे घरच्यांनी स्वतः उघडलेलं असतं.

कंपनीच्या शिपायांना हा दुसरा अर्थ कळण्याचं कारण नव्हतं. त्यांना कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. त्यांनी जी लूट पाहिली आणि केली, तिचाच अर्थ त्यांच्या भाषेत गेला.

आणि आता तोच अर्धा शब्द मोबाईलमधून परत आला आहे. बीजीएमआय खेळणारी पोरं ओरडतात, "आधी लूट कर, मग पुढे चल." पडक्या घरांत शिरून बंदुका, गोळ्या, औषधं गोळा करायची, मेलेल्या खेळाडूच्या पेटीतला माल घ्यायचा. पोरांना हा शब्द गेममधला इंग्रजी शब्द वाटतो. काही गेममध्ये 'लूट बॉक्स' असतात. खरे पैसे भरायचे आणि आत काय निघेल ते नशीब. २०१८ मध्ये बेल्जियमने अशा पेट्यांना जुगार ठरवलं. इथे लुटलं कोण जातं हे वेगळं सांगायला नको. दिवाळीच्या सेलमध्ये 'महालूट' लिहिलेलं असतं, तेव्हा मात्र दुकानदार आपण उदार आहोत असं भासवतो. जुन्या 'वाण लुटण्या'ची एवढीच सावली जाहिरातीत उरली आहे.

गेममध्ये ज्या घरात शिरतो ते घर रिकामं असतं. तिथे कोणी राहत नसतं, म्हणून लुटायला काही वाटत नाही. इतिहासात असं रिकामं घर नव्हतं. सुरतेत नव्हतं, बर्दवानमध्ये नव्हतं, पुण्यात औटीच्या वाड्यात नव्हतं आणि १९४८च्या मराठवाड्यातही नव्हतं. म्हणून इतिहासाच्या पानावर 'लूट', 'स्वारी', 'प्राईझ', 'जप्ती' किंवा 'गडबड' यांतला कोणताही शब्द आला, तर आधी त्या घरात कोण राहत होतं ते पाहावं. त्या घरातला माणूस या कामाला काय म्हणाला असता, ते क्रियापद शोधावं. बहुतेक वेळा ते 'लुटणे' हेच निघतं, आणि मग त्याला 'ने' लावून कर्ता लिहावा.